फोर्डच्या पोटांत शेव्हरोलेचें इंजिन

अमेरिकेंत जुन्या मोटारगाड्यांच्या मेळाव्यांतून १९३२ सालची फोर्ड गाडी हटकून दृष्टीस पडते. मडगार्ड काढून टाकलेले, टप कापून ठेंगणा केलेला, मागचीं चाकें पुढच्या चाकांहून मोठीं, आणि बॉनेटच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवून आंतलें इंजिन आरशासारखें घासलेलें. अशा गाडीभोंवतीं नेहमींच गर्दी जमते. लोक प्रथम गाडीकडे पाहतात, मग वांकून इंजिनाकडे पाहतात, आणि येथेंच त्यांच्यांत फूट पडते. इंजिन फोर्डचें असलें तर कांहींचे चेहरे खुलतात. तें शेव्हरोलेचें निघालें तर तेच लोक एक शब्द न बोलतां पुढें सरकतात. गाडी तीच, कारागिरी तीच, रंगहि तोच. परंतु पोटांत प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यांत ओतलेलें लोखंड आहे एवढ्यावरून ती एकाच्या दृष्टीनें बाटलेली ठरते, तर त्यांत बिघडलें काय हें शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला मुळींच कळत नाहीं.

हें भांडण आतां सुमारें सत्तर वर्षांचें झालें आहे. त्रयस्थाला तें पोरखेळासारखें वाटण्याचा संभव आहे. तथापि त्याच्या मुळाशीं जो प्रश्न आहे तो पोरकट नाहीं. एखाद्या वस्तूचें खरें रूप कोणतें समजावें? कर्त्याच्या हातून ती बाहेर पडली त्या दिवसाचें, कीं पुढें जगाच्या वापरांत तिला जें प्राप्त झालें तें? यादवकालीन गाभाऱ्यापुढें पेशवाईंतला लांकडी सभामंडप उभा असलेलीं देवळें महाराष्ट्रांत आहेत. जीर्णोद्धाराची वेळ आली म्हणजे त्या मंडपाचें काय करावयाचें, यावर जाणत्यांतहि एकमत होत नाहीं. मोटारगाडीच्या बाबतींत तोच प्रश्न शंभर वर्षांच्या आंत उभा राहिला, आणि त्याला पैशाची व अभिमानाची धार आली, एवढाच फरक.

ज्या गाडीवरून हा वाद मुख्यतः माजला तिचा जन्म मोठ्या मंदीच्या काळांतला. हेन्री फोर्डच्या 'मॉडेल टी' या गाड्या १९०८ ते १९२७ या अवधींत दीड कोटींच्या घरांत निघाल्या. पुढें 'मॉडेल ए' आली. परंतु १९२९ सालीं शेव्हरोलेनें चार नळकांड्यांच्या भावांत सहा नळकांड्यांची गाडी देऊं केली, आणि फोर्डला स्वस्थ बसणें अशक्य झालें. त्यावर त्यानें योजिलेला उपाय त्याच्या स्वभावाला साजेसाच होता: सहा वगळून एकदम आठ.

आठ नळकांड्यांचीं इंजिनें तोंवर नव्हतीं असें नाहीं. कॅडिलॅकनें १९१४ सालींच तीं काढलीं होतीं. पण तीं श्रीमंतांच्या गाड्यांसाठीं, आणि निरनिराळे भाग वेगवेगळे ओतून मग जोडलेलीं. फोर्डनें हट्ट धरला कीं आठहि नळकांडीं आणि त्यांखालची पेटी एकाच ओतकामांत निघाली पाहिजे, म्हणजे तें इंजिन सामान्य गृहस्थाच्या गाडींत घालण्याइतकें स्वस्त होईल. डिअरबॉर्न येथें त्यानें जुन्या वास्तूंचें एक संग्रहालय-गांव वसविलें होतें. एडिसनची फोर्ट मायर्स येथील प्रयोगशाळा उचलून तेथें आणून उभारली होती. तिच्यांत बसून त्याच्या निवडक अभियंत्यांनीं गुपचूप हें काम केलें. ओतशाळेंत प्रारंभीं पुष्कळच ठोकळे फुकट गेले. अखेर मार्च १९३२ च्या शेवटीं नवी गाडी लोकांपुढें आली. इंजिन २२१ घनइंचांचें, शक्ति ६५ घोड्यांची.

या इंजिनाच्या झडपा नळकांड्यांच्या बाजूला, ठोकळ्यांतच बसविलेल्या असत; त्यामुळें वरचें झांकण अगदीं सपाट, आणि त्यावरूनच लोक त्याला 'फ्लॅटहेड' म्हणूं लागले. रचना साधी, स्वस्त, आणि पान्याची ओळख असलेल्या पोराला घरच्या अंगणांत उघडतां येईल अशी. दोषहि तेथेंच होता. जळलेला वायु ठोकळ्याच्या आंतून वाट काढीत बाहेर पडे, त्यामुळें इंजिन लौकर तापे; आणि झडपांची जागा इतकी अडचणीची कीं एका मर्यादेपलीकडे त्यांतून हवा खेळविणें दुर्घट. हा दोष ध्यानांत ठेवला पाहिजे, कारण इंजिनांच्या अदलाबदलीचा पुढचा सारा इतिहास या मर्यादेशीं झगडण्याचा आहे.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेचे डोंगर ओलांडले कीं मोहावीचें वाळवंट लागतें. त्यांत म्युरॉक, रोझामंड, एल मिराज अशीं कोरड्या तळ्यांचीं पात्रें आहेत. हिवाळ्यांत तेथें पावसाचें पाणी साचतें, वारा तें इकडून तिकडे लोटतो, आणि पाणी आटलें कीं मागें मैलोगणती सपाट, भाजलेल्या विटेसारखी कठीण माती उरते. वेगाचें वेड लागलेल्या तरुणांना याहून चांगलें मैदान कोठें मिळणार? आदल्या रात्रीं गाडी हांकीत तेथें जावें, मडगार्ड, दिवे, समोरची कांच हें सर्व उतरवून ठेवावें, पहांटेच्या थंड हवेंत वेग मोजून घ्यावा, आणि सायंकाळीं तेंच सामान पुन्हां जोडून सोमवारीं कामावर हजर व्हावें, असा त्यांचा क्रम असे. अपघात होऊं लागले, तेव्हां १९३७ सालीं निरनिराळ्या मंडळांनीं एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' ही संस्था स्थापन केली आणि या धांवण्याला नियम घातले.

गाड्यांत १९३२ च्या फोर्डलाच एवढा मान कां मिळाला, याचीं कारणें साधीं आहेत. उघडी दोन आसनांची 'रोडस्टर' वजनानें हलकी होती. तिच्या चासीच्या कडा बाहेरून दिसत आणि त्यांवर घडीव रेघ होती. म्हणून मडगार्ड काढले तरी ती उघडीबोडकी वाटत नसे. चार-सहा वर्षांनीं ती जुन्या बाजारांत तरुणाच्या खिशाला परवडे हें तर सर्वांत महत्त्वाचें. सालाच्या शेवटच्या दोनाच्या आंकड्यावरून तिला पत्त्यांतील दुर्रीचें नांव पडलें, 'ड्यूस'. व्हिक एडेलब्रॉक नांवाच्या गॅरेजवाल्याची अशीच एक ड्यूस होती. तो रोज ती वापरी, आणि स्वतः योजिलेल्या इंधननळ्यांची परीक्षाहि तिच्यावरच घेई. १६ नोव्हेंबर १९४१ रोजीं रोझामंड येथें तिनें ताशीं १२१ मैलांहून अधिक वेग गांठला. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनीं पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि वाळवंटांतल्या धांवा थांबल्या.

येथवर इंजिनांची अदलाबदल होत नसे असें समजण्याचें कारण नाहीं. 'मॉडेल ए' गाडीच्या अंगांत नवें आठ नळकांड्यांचें इंजिन बसविणारे पुष्कळ होते. जुन्या चार नळकांड्यांवर जन्म घालविलेल्या कारागिरांना हें नवें इंजिन आवडत नसे, आणि कांहीं वर्षें तरी शर्यतींत ते त्याला हरवूनहि दाखवीत. परंतु दोन्ही इंजिनें फोर्डचींच असल्यामुळें ती भाऊबंदकी घरांतल्या घरांत राहिली.

युद्धांत म्युरॉकचें मैदान लष्करी विमानदलानें घेतलें. तेथेंच पुढें एडवर्ड्स विमानतळ झाला. युद्ध संपून तरुण परतले ते खिशांत थोडा पैसा आणि हातांत लष्करी यंत्रांवर मिळविलेलें कसब घेऊन. 'हॉट रॉड' हें नांव याच सुमारास रूढ झालें. जानेवारी १९४८ मध्यें रॉबर्ट पीटरसन यानें त्या नांवाचें मासिक काढलें, १९४९ सालीं यूटामधील बॉनव्हिलच्या खारट पठारावर पहिला वेग-सप्ताह भरला, आणि १९५१ सालीं मासिकाचा संपादक वॉली पार्क्स याच्या पुढाकारानें 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' निघाली. रात्रीं-अपरात्रीं सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावणाऱ्या पोरांवर वर्तमानपत्रें खवळलेलीं होतीं, आणि तीं विनाकारण खवळलीं होतीं असें म्हणवत नाहीं. या संस्थांच्या शिस्तीचा उगम त्या ओरडींत आहे.

याच वर्षांत डेट्रॉइटनें फ्लॅटहेडला मागें टाकलें. १९४९ सालीं ओल्डस्मोबिल व कॅडिलॅक यांनीं वरच्या भागांत झडपा असलेलीं नवीं आठ नळकांड्यांचीं इंजिनें काढलीं. १९५१ सालीं क्रायस्लरनें १८० अश्वशक्तीचें इंजिन आणलें. त्या वेळीं नव्या फोर्ड गाडीचें फ्लॅटहेड शंभराच्या आसपास घुटमळत होतें. वीस वर्षांच्या घासाघाशीनंतर एखाद्या कारागिरानें फ्लॅटहेडमधून जी शक्ति पिळून काढावी, ती भंगारांत आलेल्या कॅडिलॅकच्या इंजिनांत आयती होती. मग तें इंजिन उचलावें, मधली जोडपट्टी तयार करून फोर्डच्या गिअरपेटीशीं जुळवावें, आणि चासीची आडवी पट्टी जरूर तेवढी कापून जागा करावी, असा प्रघात पडला. ही कापाकाप पुढील वादाचें बीज होय.

येथें झोरा आर्कुस-डुंटोव्ह या गृहस्थाची हकीकत सांगणें अवश्य आहे, कारण या भांडणाच्या दोन्ही बाजूंना त्याचा हात लागलेला आहे. रशियन आईबापांच्या पोटीं तो ब्रुसेल्समध्यें जन्मला. न्यूयॉर्कमध्यें भावाबरोबर तो 'आर्डुन' नांवाचा कारखाना चालवी. युद्धानंतर तेथें त्यानें फ्लॅटहेडसाठीं झडपा वर घेणारी हेडांची जोडी तयार केली. फोर्डच्या इंजिनाचा दोष फोर्डच्याच ठोकळ्यावर दूर करण्याचा तो सर्वांत बुद्धिमान प्रयत्न होता. परंतु ती जोडी महाग पडे आणि ती फारशी खपली नाहीं. पुढें १९५३ सालीं डुंटोव्ह जनरल मोटर्समध्यें नोकरीला लागला, आणि त्याच वर्षींच्या १६ डिसेंबरला त्यानें आपल्या वरिष्ठांना तरुण मंडळी, हॉट रॉडवाले आणि शेव्हरोले यांविषयीं एक टिपण लिहून दिलें. हॉट रॉडच्या मासिकांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोर्डच भरलेली असते. हीं पोरें फोर्डची स्वप्नें पाहतात आणि फोर्डच्या माणसांपेक्षां फोर्ड अधिक जाणतात. तीं वयानें वाढलीं कीं फोर्डच विकत घेतील. शेव्हरोलेचें नवें इंजिन येऊं घातलें आहे, तेव्हां त्याच्याबरोबर शर्यतीचे तयार भागहि कारखान्यानेंच पुरवावे, नाहीं तर हा वर्ग वळणार नाहीं; असा त्या टिपणाचा आशय होता. फोर्डच्या वेडाची नाडी ज्याला ठाऊक त्यानेंच शेव्हरोलेला तें वेड आपल्याकडे ओढण्याची युक्ति सांगावी, हा योग मोठा विलक्षण खरा!

तें नवें इंजिन १९५५ च्या गाड्यांतून आलें. मुख्य अभियंता एड कोल याच्या देखरेखीखालीं घडलेलें हें इंजिन २६५ घनइंचांचें, १६२ अश्वशक्तीचें, आणि चार तोंडांचा कार्ब्युरेटर व त्याबरोबरचे भाग घेतल्यास १८० अश्वशक्तीचें होतें. त्याचें खरें वैशिष्ट्य मात्र शक्तींत नव्हतें. ओतकामाच्या भिंती पातळ, झडपा हलविणारे दांडे पोलादाच्या पत्र्यांतून ठोकून काढलेले, एकंदर आकार आटोपशीर. त्यामुळें शेव्हरोलेच्याच जुन्या सहा नळकांड्यांच्या इंजिनाहून तें हलकें भरे. घनफळ पुढें २८३, ३२७, ३५० असें वाढत गेलें, पण बाहेरचा बांधा जवळजवळ तोच राहिला. लाखो गाड्यांतून तें बसविलें गेल्यामुळें पांच-सात वर्षांत प्रत्येक भंगारवाड्यांत त्याचे ढीग पडले. २०११ सालीं जनरल मोटर्सनें या घराण्यांतील दहा कोटीवें इंजिन बाहेर काढलें. एवढ्या आंकड्यापुढें कोणत्या निष्ठेचा टिकाव लागावा?

फोर्डवाल्यांना स्वतःच्या घरचें इंजिन नव्हतें असें नाहीं. १९५४ सालीं फोर्डनेंहि वरच्या झडपांचें इंजिन काढलें, पण तें जड व बोजड होतें. १९६२ सालीं निघालेलें छोटें फोर्ड इंजिन चांगलें होतें. मात्र त्याची तेलाची टाकी पुढच्या बाजूस येई, आणि १९३२ च्या चासीची आडवी पट्टी नेमकी तेथेंच आडवी पडे. शेव्हरोलेची टाकी मागें. अशा क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांनीं इतिहास वळतो. गॅरेजमध्यें रात्रीं दिव्याखालीं मोजपट्टी घेऊन बसलेल्या माणसाला निष्ठेपेक्षां चार इंच मोकळी जागा अधिक मोलाची वाटली तर त्याला दोष कसा द्यावा? १९७३ च्या 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटांत जी पिवळी ड्यूस साऱ्या जगानें पाहिली, तिच्या पोटांतहि शेव्हरोलेचेंच इंजिन होतें.

विरोधकांत मात्र दोन निराळे पंथ आहेत आणि त्यांची गल्लत होऊं नये. पहिला पंथ म्हणतो, फोर्डमध्यें फोर्डच हवी. हा युक्तिवाद ऐकावयास रुबाबदार असला तरी तर्काला फारसा टिकत नाहीं. १९३२ च्या गाडींत १९६८ सालचें फोर्डचें इंजिन घातलें तर तें त्या गाडीला शेव्हरोलेइतकेंच परकें आहे. झांकणावरचें नांव तेवढें घरचें. या पंथाची खरी तक्रार वेगळीच असावी, आणि ती रास्त आहे. मेळाव्यांतल्या दर दुसऱ्या गाडीखालीं एकच इंजिन दिसूं लागलें म्हणजे बॉनेट उघडून पाहण्यांतली उत्सुकता संपते. ज्या छंदाचा जन्म स्वतःच्या अकलेनें कांहीं वेगळें करून दाखविण्यांत झाला, तो यादीवरून भाग मागवून जुळविण्यापर्यंत आला, याचें तें दुःख आहे.

दुसरा पंथ संरक्षकांचा. १९६३ सालीं स्थापन झालेल्या 'अर्ली फोर्ड व्ही-एट क्लब'चे सभासद १९३२ ते १९५३ पर्यंतच्या गाड्या कारखान्यांतून निघाल्या तशा राखण्यासाठीं झटतात. स्क्रूच्या डोक्याचा घाट व कापडाचा विणकाम-नमुनाहि ते पडताळून पाहतात. त्यांचें म्हणणें असें कीं, दर कापलेल्या गाडीमागें एक अस्सल गाडी जगांतून कायमची नाहींशी होते, आणि चासीची पट्टी एकदां कापली कीं ती पुन्हां 'न कापलेली' होत नाहीं. या म्हणण्यांत जोर आहे. चाळीस-पन्नास वर्षें कोणाचा हात न लागलेली गाडी कापणाऱ्याला तर कोणतीच सबब नाहीं. पण उलट पक्षाचेंहि एक उत्तर आहे, आणि तें संरक्षकांनीं नेहमींच मोकळेपणानें मान्य केलें आहे असें नाहीं. हजारों जुन्या फोर्ड भंगारांत वितळून जात होत्या त्या काळांत त्यांतल्या कित्येक केवळ हॉट रॉडवाल्यांनीं उचलल्या म्हणून वांचल्या. १९७० सालीं इलिनॉय राज्यांतील पिओरिया येथें या मंडळींचें पहिलें राष्ट्रीय संमेलन भरलें, तेव्हां तेथें आलेल्या गाड्यांपैकीं कितीकांना दुसरें कोणी विचारलें असतें? पुढें तर त्यांच्याच मागणीमुळें १९३२ च्या गाडीचीं अंगें पोलादांत नव्यानें ठोकून निघूं लागलीं, आणि जुनी गाडी न कापतां हॉट रॉड बांधण्याची सोय झाली. मग अशी नखशिखांत नवी गाडी '१९३२ ची' म्हणावयाची कीं काय, हा आणखी एक गुंता. त्यांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे.

इंजिन बदलण्याचा दोष कारखान्यानें केला तर तो गुण ठरतो, याचेंहि एक उदाहरण आहे. इंग्लंडांत थेम्स डिटन येथील एसी कारखाना 'एस' नांवाची नाजूक गाडी बनवी. तिच्यांत ब्रिस्टलचें सहा नळकांड्यांचें इंजिन असे, आणि तें मुळांत युद्धापूर्वीच्या जर्मन बीएमडब्ल्यूवर बेतलेलें. १९६१ सालीं ब्रिस्टलनें तें बंद केलें, तेव्हां टेक्सासचा शर्यतपटु कॅरोल शेल्बी यानें एसीला पत्र लिहून त्या गाडींत अमेरिकन इंजिन घालण्याची कल्पना मांडली. इंग्लंडांतून बिनइंजिनाची गाडी आली, आणि १९६२ च्या आरंभीं कॅलिफोर्नियांत डीन मून या हॉट रॉडवाल्याच्या गॅरेजमध्यें तिच्यांत फोर्डचें इंजिन बसविण्यांत आलें. हीच ती 'कोब्रा'. आज तिच्या अस्सल प्रतींसाठीं लोक डोळे झांकून पैसे मोजतात आणि तिला बाटलेली एसी असें कोणी म्हणत नाहीं. एस गाडीच्या मालकानें हीच गोष्ट स्वतःच्या अंगणांत केली असती तर?

काळानें या भांडणाला एक अनपेक्षित वळण दिलें. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पेबल बीच येथें १९५० पासून उंची मोटारींचें प्रदर्शन भरतें. राजेरजवाड्यांना शोभणाऱ्या गाड्यांच्या त्या हिरवळीवर १९९७ सालीं प्रथमच हॉट रॉडला स्वतंत्र वर्ग मिळाला, आणि पहिलें पारितोषिक डोन स्पेन्सर यानें घडविलेल्या १९३२ च्या रोडस्टरला गेलें. ती गाडी मोठ्या खर्चानें जीर्णोद्धार करून आणली होती. पण तो जीर्णोद्धार फोर्डच्या कारखान्यांतल्या रूपाचा नव्हता, स्पेन्सरनें फोडून-जोडून तिला दिलेल्या रूपाचा होता. म्हणजे ज्यांनीं कधीं कर्त्याचें मूळ रूप मानलें नाहीं, त्यांच्याच गाड्यांचें आतां 'मूळ रूप' निश्चित होऊं लागलें.

बॉब हिरोहाटा याच्या मर्क्युरी गाडीची कथा याहून बोलकी आहे. १९५१ सालची ही मर्क्युरी त्यानें १९५२ सालीं जॉर्ज व सॅम बॅरिस या भावांच्या लिनवुड येथील गॅरेजांत दिली. त्यांनीं तिचा टप कापून खालीं बसविला, मधले खांब काढले, साऱ्या कडा वितळवून गुळगुळीत केल्या, आणि तिला फिक्या व गडद अशा दोन हिरव्या छटा दिल्या. पुढच्या वर्षीं तिच्यांतलें फ्लॅटहेड काढून कॅडिलॅकचें इंजिन घातलें. थोड्याच वर्षांत ती जुनी फॅशन झाली, आणि १९५९ सालीं एका शाळकरी मुलानें ती पांचशें डॉलरला घेतली. त्यानें ती विकली नाहीं, दुसरी कापाकाप केली नाहीं. पुढें प्रौढपणीं तिचा १९५३ चा थाट जसाच्या तसा परत आणला. २०१७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहींत तिचें नांव लागलें. या नोंदींचीं टिपणें त्या देशाच्या काँग्रेस ग्रंथालयांत ठेविलीं जातात. जानेवारी १९२२ सालीं नव्हे, त्यानंतर शंभर वर्षांनीं, जानेवारी २०२२ मध्यें, ती लिलांवांत सुमारें वीस लक्ष डॉलरला गेली. आतां कोणी तिच्यांत मर्क्युरीचें फ्लॅटहेड परत घालावें अशी सूचना केली तर संरक्षकच तिला आडवे येतील.

ऐतिहासिक वाहनांची जागतिक संस्था 'फिवा' हिनेंहि हा भेद मानला आहे. वास्तूंच्या जतनासाठीं १९६४ सालीं व्हेनिस येथें जी सनद झाली, तिच्या धर्तीवर फिवानें वाहनांसाठीं तुरीनची सनद केली. गाडीच्या नित्य वापराच्या काळांत झालेले बदल हे तिच्या इतिहासाचेच भाग होत, असा तींतील विचार आहे. १९५३ चें कॅडिलॅक इंजिन त्यांत बसतें. काल बसविलेलें बसत नाहीं.

आणि काल बसविलेल्यांतच आतां विजेचीं मोटर-यंत्रें येऊं लागलीं आहेत. २०१७ सालीं जग्वारनें स्वतःच जुन्या ई-टाइप गाडीचें इंजिन काढून तेथें बॅटरी व मोटर बसवून दाखविली. २०१८ च्या मे महिन्यांत इंग्लंडच्या राजपुत्रानें लग्नानंतर वधूला तिच्यांतूनच नेलें. त्याच वर्षाअखेर ॲस्टन मार्टिननें आपल्या डीबी-सहा गाडीसाठीं अशीच पेटी दाखविली, आणि मूळ इंजिन केव्हांहि परत बसवितां येईल असा भरंवसा दिला. यावर २०१९ सालीं फिवानें स्पष्ट सांगितलें कीं, अशी बदललेली गाडी ऐतिहासिक वाहन मानतां येणार नाहीं. ज्या हॉट रॉडवाल्यांनीं पन्नास वर्षें संरक्षकांचे टोमणे सोसले, त्यांतलेच पुष्कळजण या विजेच्या गाड्यांना नाकें मुरडतांना आढळतात. आवाज नाहीं, वास नाहीं, मग ती गाडी कसली, असें ते म्हणतात. फ्लॅटहेडवाले १९५५ सालीं शेव्हरोलेविषयीं याहून फारसें निराळें बोलत नव्हते.

भारतांत हा प्रश्न हौसेच्या वाटेनें आला नाहीं, गरजेच्या वाटेनें आला. जनरल मोटर्सनें १९२८ पासून मुंबईंत शिवडीला गाड्या जुळविल्या, फोर्डच्या गाड्या कानडांतील शाखेमार्फत येत, आणि १९५० नंतरच्या चार-पांच वर्षांत या दोघांनींहि येथलें काम आवरलें. आयात जवळजवळ बंद झाली, सुटे भाग मिळेनात. त्यांत १९७३ नंतर पेट्रोल कडाडलें. तेव्हां लांबरुंद अमेरिकन गाड्यांच्या मालकांनीं मूळचीं इंजिनें काढून त्या जागीं डिझेल इंजिनें बसविलीं आणि त्या गाड्या धांवत्या ठेवल्या. त्या मिस्त्रींना सनदींची वार्ता नव्हती. गाडी चालली पाहिजे आणि तिनें पोट भरलें पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब.

जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षें उलटलेली, मूळ स्वरूपांत राखलेली, आणि चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून धरली जाते व तिला 'व्हीए' या अक्षरांची वेगळी पाटी मिळते. बंद पडल्यावर कोठारांत धूळ खात राहिलेली गाडी या व्याख्येंत सहज बसते. डिझेल इंजिनावर आणखी पंचवीस वर्षें रस्त्यावर राबलेली गाडी बसत नाहीं. त्यामुळें अशा गाडीचा मालक आतां तिच्या मूळ जातीचें पेट्रोल इंजिन शोधीत भंगारबाजार पालथे घालतो, आणि तें मिळालेंच तर मिस्त्रीकडून डिझेलचें इंजिन उतरवून घेतो.